कौतिकामावशीची चूल

आमच्या बौद्धवाड्यात कुणी गेलं की कौतिकामावशी आधी रडायची नाही. आधी पीठ चाळायला घ्यायची. ज्या घरात मयत, त्या घरात चूल पेटत नाही, आणि मयत उचलेपर्यंत शेजारच्याही चुली थंड राहतात, ही तेलुगू मुलखाच्या सीमेवरच्या आमच्या मुधोळ भागातली रीत. मयत गेलं की मावशी चूल पेटवायची आणि परातीत ज्वारीच्या भाकरी, वाडगाभर पिठलं घेऊन त्या घरी जायची. दुःखातल्या घराला असं जेवण नेण्याला कडू घास म्हणतात. तो घेऊन ती शेवटच्या माणसाने खाल्ल्याशिवाय उठत नसे.

माझी आई गेली तेव्हा मी निर्मल शहरात शिक्षकाचं शिक्षण घेत होतो. परत आलो आणि भिंतीशी बसून राहिलो. मावशीने भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवून माझ्या तोंडाशी धरला. "गिळ, परभ्या. तुही माय गेली, तुहं पोट नाही गेलं." मी मान फिरवली तर तिने माझा जबडा धरला. प्रभाकर हे माझं नाव फक्त शाळेच्या दाखल्यावर होतं. तिच्यासाठी मी परभ्याच.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कापसाची पहिली वेचणी चालू होती. मी गावातल्या मराठी शाळेत तात्पुरता मास्तर होतो, आणि कायम होण्यासाठी सरपंच किसनरावांची शिफारस लागत होती. अशात एका संध्याकाळी रेडिओवर बातमी आली की देशाचा लाडका नेता गेला. खोटं कशाला सांगू, दुःख खरंच झालं होतं. मावशीने एकदा भैंसा गावच्या सभेत लांबून, गर्दीच्या डोक्यांवरून, त्या नेत्याचा फक्त हललेला हात पाहिला होता. ती ओट्यावर बसली आणि म्हणाली, "लय मोठं मानूस होतं रे." पदराने डोळे पुसले आणि बकरीला पाला टाकायला उठली. तिचा शोक एवढाच होता. पुरेसा होता.

चावडीवर मात्र निराळाच बाजार भरला. काळं कापड मिळेना म्हणून किसनरावांच्या छत्रीचं कापड फाडून फिती केल्या. कॅलेंडरवरचा नेत्याचा फोटो खुर्चीवर मांडला. खालचं बियाण्याच्या दुकानाचं नाव हाराने झाकलं. भैंशाहून वार्ताहर येणार होता. किसनराव दर थोड्या वेळाने विचारत, "कॅमेरावाला आला का रे?" तो आला तसे ते फोटोसमोर मातीत लोळले. फोटो नीट आला नाही म्हणून पुन्हा लोळले. दुसऱ्या वेळी कुणीतरी खाली सतरंजी घातली.

मग ते उभे राहिले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "आपल्या घरचं मानूस गेलं. दिल्लीत अग्नी देईस्तोवर या गावात एकबी चूल पेटनार नाही." टाळ्या पडल्या. मयताला टाळ्या! दिल्लीत मयत किती दिवस दर्शनाला ठेवणार आहेत, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. मला सुचलं होतं. मी विचारलं नाही. उलट, शाळेच्या गच्चीवरून धूर कुठे निघतो यावर नजर ठेवायचं काम किसनरावांनी मला दिलं, तेव्हा मला आपण मोठे झाल्यासारखं वाटलं.

ज्यांच्या घरात चिवडा, केळी, दूध होतं त्यांना शोक जड गेला नाही. आमच्या वाड्यात पोरं शिळ्या भाकरीच्या कोरांसाठी भांडत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी किसनरावांचा गडी मला बोलवायला आला. ते गावापासून दूर, शेतातल्या आखाड्यावर, राखणीच्या खोपटात होते. तिथला धूर गावात दिसत नव्हता. किसनरावांच्या शोकसमितीतले चार-पाचजण गोल बसून गरम भाकरी आणि वांग्याचं भरीत खात होते. "बसा मास्तर," किसनराव म्हणाले, "शोक कराले बी अंगात ताकद लागते." मी बसलो. तीन भाकरी खाल्ल्या. चवथी घेतली नाही याचं मला तेव्हा कौतुक वाटलं होतं, हे आज लिहिताना स्वतःचीच किळस येते.

परत येऊन गच्चीवर चढलो आणि बौद्धवाड्यातून धुराची एक बारीक रेघ वर जाताना दिसली. घर ओळखायला मला क्षणही लागला नाही. गप्प बसता आलं असतं. गच्चीवर माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

आम्ही सातजण गेलो. पुढे मी. मावशीची लेक शेवंता बाळंतपणाला आली होती, पाच दिवसांची बाळंतीण. चुलीवर ज्वारीच्या कण्या शिजत होत्या, शेजारी बाळाच्या अंघोळीचं पाणी ठेवलं होतं.

"कौतिके, चूल काऊन पेटवली?" किसनराव दारातूनच ओरडले.

"बाळंतीन हाय घरात. तिले कण्या शिजवून राह्यले."

"देश पोरका झाला अन् तुले कण्या सुचते?"

"मंग माह्या पोरीनं काय करावं? देशाले चाटावं?" मावशी उठलीसुद्धा नाही. "ज्यायचं मानूस गेलं त्यायले म्यां कडू घास नेऊन देला असता, सरपंच. पन दिल्ली लांब पडते. अन् तुमची माय मेली तवा तुमी त्याच दिशी तिसऱ्या पहारी जेवले होते. मीच भांडे घासले."

मागे कुणीतरी हसलं. किसनरावांचा चेहरा काळा पडला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मावशीनेही माझ्याकडे पाहिलं. "परभ्या, तू शिकला-सवरला. तू तं सांग यायले."

मी पाण्याचं भगोनं उचललं आणि चुलीवर ओतलं.

चर्रर्र आवाज झाला. राख उडून कण्यांत पडली. आतल्या अंधारात बाळ दचकून रडायला लागलं. मावशी उठली, माझ्या हातातलं भगोनं काढून घेतलं आणि थांबली. माझा हात तिने नाकाशी नेला.

"मास्तरसाहेब," ती म्हणाली, "हात धुवून येत जा. भरताचा वास येते."

तिच्या तोंडून मला पहिल्यांदाच मास्तरसाहेब ऐकू आलं. सगळे खाली बघत बाहेर पडले. त्यांतल्या चौघांच्या हातांना तोच वास होता.

चूल विझलेल्या घरात रात्रीच्या गारठ्याने शेवंताला ताप भरला, दूध आटलं. बैलगाडीत घालून तिला मुधोळच्या दवाखान्यात न्यावं लागलं. तिचं पोरगं मावशीने बकरीच्या दुधावर जगवलं. चूल पेटली असती तर ताप आला नसता का, हे मला कुणी सांगू शकत नाही, आणि त्या शंकेचा आडोसा मी कित्येक वर्षं घेतला. पेपरात छापून आलं, 'संपूर्ण गावाने चूल पेटवली नाही.' किसनरावांनी ते कात्रण चौकट करून चावडीत टांगलं. मी त्याच वर्षी कायम झालो.

मावशीने त्या दिवसाचा विषय कधी काढला नाही. पण पुढे सगळी वर्षं मी समोर दिसलो की, "परभ्या" नाही, "कसा हायस" नाही, पदर सावरून, बाजूला सरकून, "जयभीम, मास्तरसाहेब." पाण्याचा तांब्या द्यायची, तोही दोन्ही हातांनी, एखाद्या तहसीलदाराला द्यावा तसा. मी एकदा म्हणालो, "मावशी, परभ्या म्हण ना." ती म्हणाली, "तुमी सरकारी मानूस. आमी कसं म्हनावं?" नव्वदच्या दशकात आणखी एक मोठा नेता गेला. किसनराव चावडीवर पुन्हा उभे राहिले, तेव्हा मावशी वाड्यातून निरोप धाडून मोकळी झाली: "यावेळी पानी आनाले मास्तरसाहेबाले तकलीफ देऊ नका. लागलं तं मीच घागर भरून ठेवते." त्या दिवशी वाड्यातल्या सगळ्या चुली पेटल्या. किसनरावांनी दोन मिनिटं मौन पाळलं आणि घरी गेले.

ती गेली तेव्हा माझी बदली बाजारहत्नूरला झाली होती. निरोप मिळताच बस धरली. अंगणात तिला पांढऱ्या कपड्यात ठेवलं होतं. बायका बसल्या होत्या, आणि शेवंताचा मुलगा, आता माझ्या खांद्याएवढा, येणाऱ्यांना पाणी देत होता. मी पायांशी डोकं टेकलं. शेवंताने मला आत बोलावलं. चुलीत कापसाच्या पऱ्हाट्या रचून ठेवल्या होत्या, काडेपेटी शेजारी.

"मयत उचललं नाही अजून," मी म्हणालो.

"मायनं सांगून ठेवलं होतं. मी मेल्यावर चूल थंडी ठेवजा नोका, मानसं लांबून येतीन, च्या पाजा." तिने काडेपेटी माझ्यापुढे सरकवली. "अन् म्हने, परभ्या यील. त्याच्या हातानं पेटवा."

"परभ्या म्हणाली?"

"तुमच्या माघारी ते परभ्याच म्हने. मास्तरसाहेब तं तुमच्या तोंडावर."

मी चुलीपुढे बसलो. पऱ्हाट्या ओलसर होत्या. पहिली काडी विझली, दुसरीही. तिसरीने नुसता धूर धरला आणि मला समोरचं काही दिसेनासं झालं.

"फुंका ना," शेवंता म्हणाली, "मानसं च्याची वाट पाहून राह्यले."