बॉनेटवरचा चिखल

माझी शेवटची पोस्टिंग नियंत्रण रेषेजवळच्या एका खोऱ्यात होती. मी हवालदार, चांदूर रेल्वेचा. आमच्या वनटन गाडीचा ड्रायव्हर नायक सुखदेव मोर्शीकडचा. कंपनीत वऱ्हाडी आम्ही दोघेच. आमचं साधं बोलणंही बाकीच्यांना भांडण वाटायचं.

गाड्या झाकणं हे रोजचं काम. समोरच्या डोंगरावर दुश्मनाची ओपी होती, म्हणजे दुर्बीण लावून बसलेली चौकी. उन्हात पत्रा चमकला की गोळा आलाच म्हणून समजा. म्हणून बॉनेटला चिखल फासायचा आणि वर जाळी टाकायची. काम तपासायचो मी, पण सुखदेवचा खरा इन्स्पेक्टर वेगळाच होता. चतुर.

पावसाळ्यात तिथेही हे किडे थव्याने यायचे. आपल्याकडे भाद्रपदात कपाशीवर घिरट्या घालतात तेच. अंग सोनेरी-पिवळं, डोळे मोठे नि तांबूस, शेपटीच्या टोकाशी काळे ठिपके. दिवसभर बसायचं नाव नाही. मादी पाण्याला शेपटी टेकवत अंडी सोडते, तीही नदीपेक्षा पावसाच्या डबक्यात. पिल्लं पाण्यात डासांच्या अळ्या खाऊन वाढतात आणि महिना-दीड महिन्यात गवताच्या काडीवर चढून, कात फोडून उडून जातात. डबकं आटायच्या आत सगळं उरकायचं असतं. नाव चतुर, पण त्याची एक चूक ठरलेली. चमकणारा पत्रा त्याला पाणी वाटतो. मादी तिथंच अंडी टाकते आणि ती वाळून जातात.

"चतुर टेकला म्हन्जे गाडी चमकून राह्यली, उस्ताद," सुखदेव सांगायचा. "नाई टेकला तं पास."

"मंग त्यालेच फीत लाव हवालदाराची," मी म्हणायचो.

त्या सकाळी पाऊस पडून गेला आणि लख्ख ऊन पडलं. थोड्या वेळात गोळाबारी सुरू झाली. खंदकाशी फुटलेल्या गोळ्याचा तुकडा माझ्या मांडीत घुसला. नर्सिंग असिस्टंटने पट्टी आवळली, तरी रक्त थांबेना. त्याने वायरलेस सेट उचलला.

"एक कॅज्युअल्टी. स्ट्रेचर केस. अर्जंट."

"गाडी निकालो. आरएपी तैयार है. ओव्हर."

आरएपी म्हणजे बटालियनचा दवाखाना. तिथवरचा निम्मा रस्ता ओपीच्या नजरेत होता.

मला गाडीजवळ आणलं. जाळी काढलेली होती आणि पावसाने बॉनेट धुऊन निघालं होतं. एक मादी त्यावर शेपटी टेकवत होती. सुखदेवने पाहिलं. वाकून दोन्ही मुठींत चिखल उचलला. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. स्ट्रेचरचं कापड रक्ताने भिजलं होतं. त्याने चिखल खाली टाकला आणि हात पॅन्टला पुसले.

"लाव ना बे," मी म्हणालो.

"टाइम नाई, उस्ताद."

वळणावर गोळा त्याच्या दाराशी फुटला. गाडी डगमगली, पण थांबली नाही. आरएपीसमोर त्याने ब्रेक लावला, हँडब्रेकही ओढला. मग स्टिअरिंगवर पडला. आत, शेजारच्या स्ट्रेचरवरून तो एवढंच म्हणाला, "चिखल लावाचा राह्यला, उस्ताद." मला सलाइन चढत होतं तेव्हा डॉक्टरांनी त्याचे डोळे मिटले.

दर भाद्रपदात मी त्याच्या मायकडे जातो. तिने पहिल्याच वर्षी विचारलं होतं, "शेवटी काई बोलला का रे तो?" मी नाही म्हणालो. कोणत्या तोंडाने सांगणार? माझा जीव वाचावा म्हणून त्याने मुठीतला चिखल टाकला, हे मला आजही सहन होत नाही. तिच्या बागेतल्या शेततळ्यावर दरवर्षी चतुर येतात. आदल्या वर्षीचा त्यातला एकही नसतो. येतात ते नवे.

यंदा मुलाच्या नव्या काळ्या गाडीने गेलो. शेततळं हाकेच्या अंतरावर, तरी एक मादी बॉनेटवरच शेपटी टेकवू लागली. दोनदा हाकलली, परत आली. मला राहवेना. संत्र्याच्या आळ्यातला चिखल उचलून मी बॉनेटला लावू लागलो.

"काहून रे, नव्या गाडीले?" माय दारातून म्हणाली.

माझा हात थांबला. मग मी सगळं सांगितलं, त्याचं शेवटचं बोलणंसुद्धा. सांगताना रडलो.

ती दारातून उतरून गाडीजवळ आली. मग तिने पदर खोचला, आळ्यातला ओंजळभर चिखल घेतला आणि भिंत सारवावी तशी एका कोपऱ्यापासून बॉनेट सारवत गेली. मधेमधे डोळे दंडाला पुसत होती. पत्रा दिसेनासा झाला तेव्हा ती मादी एक घिरटी घालून शेततळ्याकडे गेली.

माय बाजूला सरकली. चिखलाचे हात तसेच धरून म्हणाली, "पाय बरं, कुठी चमकते का आता?"

पोस्टवर गाडी तपासताना फिरायचो तसा मी गाडीभोवती फिरलो.

"पास, माय," मी म्हणालो.