पिवळ्या धोतऱ्याचा चीक
पिवळ्या धोतऱ्याचं बोंड मोडलं की हळदीसारखा चीक येतो आणि मला चाकूरच्या रस्त्यावरची ती दुपार आठवते. लातूर नुकताच जिल्हा झाला होता, पावसाचा पत्ता नव्हता, आणि आई दुष्काळी कामावर खडी फोडायची. मी तहानेनं रडू लागले म्हणून ती कोसभर जाऊन घागर भरून आली. "काम सोडून फिरायलीस व्हय?" म्हणत मुकादमानं घागर लाथेनं उडवली. आईनं कडेचा धोतरा काट्यांसकट मुळातून उपटला आणि त्याच्या तोंडावर सपासप ओढला. तळवे रक्ताळले तरी तिचा हात थांबेना. डोळ्यात चीक गेला तसा तो किंचाळत खडीवर कोसळला. "मरू दे त्याला," बायका म्हणाल्या. आईनं आडव्या घागरीत उरलेलं ओंजळभर पाणी त्याच्या डोळ्यावर ओतलं. "डोळा जाऊन न्हाई चालायचं," एवढंच बोलली. आता मी वनस्पतिशास्त्र शिकवते. पिवळा धोतरा अफूच्या कुळातला, डोळ्यात फूल पडतं त्या पांढऱ्या डागाला ग्रीक लोक 'आर्जेमा' म्हणत, त्यावरून त्याचं आर्जेमोन हे नाव पडलं, कारण त्या डागावर असल्याच झाडाचा चीक लावत, असं सांगते. पोरी लिहून घेतात. ते ओंजळभर पाणी माझं होतं, हे सांगत नाही.