लांडग्यासाठी लावलेलं गाणं

तो मोठा गायक गेला त्या दिवशी गुलमंडीतल्या माझ्या फॉल-पिकोच्या दुकानात आलेल्या प्रत्येक बाईच्या घरचंच माणूस गेलं होतं. निदान फोनवर तरी. एकीनं साडी काउंटरवर टाकली, उभ्याउभ्या स्टेटस ठेवलं, काळ्या पट्टीवर त्याचा फोटो आणि खाली 'आज मी पोरकी झाले'. मग फोन पर्समध्ये टाकून मला म्हणाली, "गोंडे संध्याकाळपर्यंत होतील ना? हळदीला नेसायचीय." पोरकी झालेल्या बाईला हळदीला गोंडे हवे होते.

समोरच्या बांगडीवाल्याच्या दुकानात वर्षभर डीजेची गाणी दणकतात. त्यानंही 'सूर हरपला' लिहिलं आणि खाली हात जोडले. दुपारी दोरे आणायला औरंगपुऱ्यात गेले तर चौकात फ्लेक्स लागलेला. गेलेला माणूस वर कोपऱ्यात, पासपोर्ट फोटोएवढा, आणि शोक करणारे खाली रांगेनं, मोठे मोठे, गॉगल लावून. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते काही खोटं नाही. रडा ना, कोण नाही म्हणतंय. पण रडून झाल्यावर किती जणांनी बघितलं ते तपासत बसता, त्याचा मला संताप येतो.

तरी तिथवर मी नुसती चिडलेली होते. तासाभरानं माझ्या एका नेहमीच्या गिऱ्हाईक बाईंनी, त्या शाळेत शिकवतात, फोन माझ्या नाकासमोर धरला. "तुमच्या भावानं काय लिहिलंय हो! मी तर स्टाफरूममध्ये रडले."

माझा थोरला भाऊ कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालाय. शहरात गाण्याचा कार्यक्रम असला की पहिल्या रांगेत शाल पांघरून मान हलवत बसलेला असतो तो दादा. मी मशीन थांबवलं आणि वाचायला लागले. त्यानं लिहिलं होतं: 'माळावरची संध्याकाळ. खांद्यावर घोंगडी घेतलेले माझे बाबा रेडिओ लावून डोळे मिटून बसत. मला विचारत, बाळा, आज काय लावू? मी म्हणे, तोच आवाज, बाबा. गाणं ऐकायचं कसं, हे मला त्या संध्याकाळींनी शिकवलं.'

मी दोनदा वाचलं. त्या संध्याकाळी माझ्या होत्या.

आमचं घर मेंढरावाल्यांचं, गाव शेंद्र्याच्या बाजूचं. दिवाळी झाली की कळप घेऊन बाहेर पडायचं ते पाऊसकाळाच्या तोंडावरच परत यायचं. शाळेचे महिने तेच. म्हणून दादाला शहरात हॉस्टेलवर ठेवलं आणि मला शाळेतून काढून कोकरांमागं लावलं. माझी शाळा मी पुढं लग्नानंतर, पोरं झोपवून पुरी केली. दादा सुट्टीत यायचा तेव्हा कळप गावाकडं वळलेला असायचा. माळावरची संध्याकाळ त्यानं क्वचितच पाहिली असेल, आणि पाहिली तेव्हा उकाड्यानं वैतागलेला होता.

आम्ही वडलांना आबा म्हणायचो. 'बाबा' आमच्या घरात कधी कुणी कुणाला म्हटलेलं नाही. आणि आबांना गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. दिवस कलला की कुणाच्या तरी पडीक रानात जाळी ठोकून मेंढरं कोंडायची, आणि त्या जाळीच्या खुंटाला रेडिओ अडकवायचा, तो लांडग्यासाठी. माणसाचा आवाज आला की लांडगा लांबूनच वळतो, असं आबांचं म्हणणं. रेडिओवर बाजारभाव लागले तरी त्यांचं काम भागायचं. ते डोळेबिळे मिटून बसत नसत. एकेक मेंढरू आडवं पाडून त्याच्या खुरातले काटे काढत.

एकदा मी जवळ कोकरू धरून बसले होते. रेडिओवर कुणीतरी शेतीबद्दल बोलत होतं. आबा मान वर न करता म्हणाले, "लांडग्याला काय, बातम्या बी चालत्यात आन् गाणं बी. तुला काय पायजे ते लाव."

आमच्या घरात मला काय पाहिजे हे कुणी विचारत नसे. शाळेतून काढताना विचारलं नाही, लग्न ठरवतानाही नाही. आबांनी त्या एका गोष्टीपुरतं विचारलं. मी बटण फिरवत गेले आणि खरखरीतून त्या माणसाचा आवाज सापडला. मग रोज तोच शोधायचे. सेल उतरले की दिवसा घोड्यावरच्या ओझ्यावर उन्हात ठेवायचे, म्हणजे संध्याकाळी अजून थोडा वेळ चालत. आबा कधीकधी म्हणायचे, "लागला का तुझा गडी?" बापलेकीत आमचं बोलणं ते तेवढंच. पण माझ्या वाट्याला आलेला बाप तेवढाच आहे, आणि तो मी जपून ठेवलाय.

आबांच्या तेराव्याला जेवणं झाल्यावर सगळे बसले होते तेव्हा हे मी एकदाच बोलून दाखवलं. दादानं तेव्हा डोळे पुसले होते. मला वाटलं, भावाला वाईट वाटतंय. आयत्या बिळावर नागोबा! बीळ हेरून ठेवत होता.

मी त्या पोस्टखाली लिहिलं, 'दादा, रेडिओ लांडग्यासाठी होता. आणि आबा मला विचारायचे, तुला नाही.' कुणीतरी लगेच बदाम पाठवला आणि लिहिलं, 'वा, भाग्यवान भावंडं!' थोड्या वेळानं बघते तर माझं लिहिणं गायब. बदामासकट. मी दुकानाचं शटर ओढलं आणि रिक्षा केली.

दादा पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसला होता. खिडकीतून चार्जरची वायर बाहेर ओढलेली, आणि एकेकाला उत्तर देणं चाललेलं.

"माझं लिहिलेलं का काढलंस?"

"अगं, लोक श्रद्धांजली वाहतायत. तिथं लांडगा कशाला?"

"तू तिथं नव्हतास दादा."

"भावना तीच आहे ना. लिहिताना थोडं इकडचं तिकडं करावं लागतं. तुला नाही कळायचं."

"मग एक ओळ कर. 'मला विचारत' खोड आणि 'माझ्या बहिणीला विचारत' लिही. तुझी घोंगडी राहू दे, मिटलेले डोळे राहू दे, आबांचा बाबा केलास तोही राहू दे."

त्यानं पेपर तपासतात तसं तोंड करून खरंच विचार केला. मग म्हणाला, "आता बदललं तर बदललेलं दिसतं. लोकांना शंका येते. आणि उद्याच्या शोकसभेत मला हेच बोलायला बोलावलंय."

"चुलीत घाल तुझी शोकसभा! तुला शाळा मिळाली, हॉस्टेल मिळालं, नोकरी मिळाली. मला एवढंच मिळालं होतं रे."

"तू फार मनाला लावून घेतेस," असं म्हणून तो परत फोनकडं वळला. "आत जा. चहा टाकलाय वहिनीनं."

आत आई पलंगावर बसली होती, शेजारची सून तिच्याजवळ. आई दादाकडंच राहते, तिला आता डोळ्यानं नीट दिसत नाही. ती त्या सुनेला सांगत होती, "आमचे मालक लई शौकीन व्हते. गाण्याबिगर घास उतरत नव्हता त्यास्नी." मी दारातच थांबले. तीन दगडांच्या चुलीपुढं बसून "दिस बुडाला, रेडू लाव गं" म्हणून मला ओरडणारी बाई ती हीच.

सून उठली. "थांबा, आमच्या सासूबाईंना बोलावते. त्यांना पण ऐकू द्या." ती बाहेर गेली तशी मी आईजवळ बसले.

"आई, रेडिओ कशासाठी लावायचो आपण?"

"लांडग्यासाठी. मला काय म्हाईत नाय व्हय?"

"मग हे काय सांगतेस लोकांना?"

आईनं चाचपडत माझं मनगट धरलं आणि आवाज खाली घेतला. "जलमभर त्यास्नी लोक मेंढरामागचा म्हणले. कुणी वट्यावर बसू दिलं नाय. आज कालेजातली माणसं नाव काढत्यात. तू लांडगं कशाला आणतीस मधी?"

"पण तिथं मी होते आई. तू बघितलंयस."

"बघितलंय की."

"मग पोस्टमध्ये मी कुठंय?"

"आगं, तू हाईसच की. तू जातीस कुठं?"

दादावर ओरडता येत होतं. हिच्यावर कसं ओरडू? नवऱ्याला मेल्यावर तरी वट्यावर बसवायला निघालेली बाई ती, आणि त्यासाठी जागा करायला उठवलं कुणाला, तर मला.

तेवढ्यात सून सासूला हाताला धरून घेऊन आली. म्हातारी खुर्चीत टेकली, पदर सावरला. सुनेनं पोस्ट उघडून फोन पुढं केला. आई म्हणाली, "तिच्याकडं दे. माझी लेक चांगलं वाचती."

मी फोन घेतला. माळ वाचला, घोंगडी वाचली, मिटलेले डोळे वाचले. 'मला विचारत' या शब्दांपाशी आले आणि थांबले. आईचा हात अजून माझ्या मनगटावर होता. तो घट्ट झाला.

मी पुढं वाचलं. "मला विचारत, बाळा, आज काय लावू?"

म्हातारी चुकचुकली. म्हणाली, "काय नशीबवान पोरगा."

"व्हय," आई म्हणाली, "आसंच व्हतं."