तास मिस्त्री

जुनं इंजिन विकत घ्यायला निघालेला माणूस आधी इंजिनाकडे बघतो. तास मिस्त्री आधी बाभळीकडे बघत. विहिरीवरचं ऑइल इंजिन कितीही पुसून, रंग देऊन, झेंडूची माळ घालून ठेवलेलं असो, मिस्त्री त्याच्या धुराच्या नळीसमोर जे झाड असेल तिथे जाऊन उभे राहायचे, एक फांदी वाकवायचे आणि पाल्यावरची काजळी बोटाने चोळून बघायचे. मग इंजिनाखालची माती उकरून तेल किती खोल मुरलंय ते पाहायचे. "इंजिन धुता येतं," ते म्हणायचे, "बाभूळ कोन धुतंय?" एवढं झालं की इंजिनापाशी येऊन तास सांगायचे. तीन हजार. साडेचार हजार. इंजिन नवं आल्यापासून एकूण किती तास चाललं, त्याचा हा आकडा. मालक हजाराच्या वर जायला तयार नसला तरी मिस्त्री आपला आकडा बदलत नसत. म्हणून नाव पडलं तास मिस्त्री. खरं नाव किसन, पण ते मलासुद्धा एका पोस्टकार्डावरून कळलं.

सत्तर साली मी राहुरी तालुक्यातल्या त्या गावात शिक्षक म्हणून गेलो. आईला संगमनेरला एकटी ठेवून आलो होतो. वय सव्वीस, अक्षर वळणदार, आणि त्या अक्षराचा थोडा ताठाही होता. मिस्त्री तेव्हा पन्नाशीचे असतील. आसपासच्या आठ-दहा गावांत त्यांना दाखवल्याशिवाय कोणी जुनं इंजिन घेत नसे. विकणाऱ्याच्या घरचा चहा ते पीत नसत, घेणाऱ्याच्या घरचाही नाही. "च्या पिला की जीभ मऊ पडती," म्हणायचे. आपली भाकरी फडक्यात बांधून आणायची, विहिरीवर बसून खायची, तास सांगायचे आणि वाटेला लागायचं. लोक त्यांना मान देत, पण लग्नाच्या पंगतीत त्यांच्या शेजारी बसायला कोणी उत्सुक नसे. ज्याचं इंजिन त्यांनी चारचौघांत उघडं पाडलंय असा एखादा तरी प्रत्येक मांडवात असायचाच.

मिस्त्रींना आकडे वाचता येत, अक्षरं येत नसत. शाळा सुटली की कधीमधी येऊन ओट्यावर टेकायचे आणि खिशातून पोस्टकार्ड काढायचे. मुलगी पारनेरकडे दिली होती, तिचं. मी वाचायचो, ते ऐकायचे. मग म्हणायचे, "आता पुन्यांदा." दुसऱ्या वेळी माझ्याबरोबर त्यांचे ओठ हलायचे. लिखाणावर एवढा भरवसा असलेला दुसरा माणूस मी पाहिला नाही. माझ्यासारखी शिकलेली माणसं लिहिताना काय काय करतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. "आमचं बोललेलं वाऱ्यावर जातं गुरुजी, तुमचं लिवलेलं ऱ्हातं," असं ते म्हणायचे, आणि मी उगाच फुगायचो.

त्याच पावसाळ्यात नव्या धरणाचं पाणी पहिल्यांदा आमच्यापर्यंत चढलं. राहुरीला जायचा रस्ता बुडाला, निम्म्या गावाची शेतं पलीकडच्या काठाला राहिली. वळसा घालून जायचं तर दिवस मोडायचा. तेव्हा गावाने एक लाँच घ्यायचं ठरवलं आणि त्यासाठी समिती नेमली. अध्यक्ष अण्णा, चिटणीस मी. अण्णा म्हणजे गावातले सगळ्यात मोठे बागायतदार. त्यांच्या शब्दावर शिक्षकांच्या बदल्या होतात असं बोललं जायचं, आणि लोक काही खोटं बोलत नव्हते. धरणाच्या कामावर माणसांची ने-आण करणारी एका कंत्राटदाराची लाँच तेव्हा विकायला निघाली होती. तिच्या इंजिनाला तास मोजणारं मीटर होतं, काचेच्या आत आकडे होते, आणि ते आकडे नऊशे बारा तास दाखवत होते. विहिरीवरच्या इंजिनांना असलं काही नसायचं. काचेआडचा आकडा पाहून समितीचे लोक हरखून गेले. जणू देवानेच लिहून दिला होता.

शुक्रवारी सौदा ठरला. अण्णांनी तिथल्या तिथे लाँचच्या नाकावर नारळ फोडला. बरोबर आलेल्या दोन सवाष्णींनी हळदकुंकू वाहून तिची ओटी भरली, पेढे वाटले गेले. आणि मिस्त्रींना निरोप गेला शनिवारी. आमच्याकडची तऱ्हाच ही. सुपारी फोडून झाल्यावर पोरीच्या घरची चौकशी करायची. मिस्त्री धरणावर आले, लाँचवरचं कुंकू पाहिलं आणि तिथेच थांबले.

"नारळ फुटला व्हय? मंग मला कशापायी बलावलं?"

"रीत म्हनून," अण्णा हसत म्हणाले. "बघा, बघा तुमी."

पाण्यात बाभूळ कुठून असणार? मिस्त्री आधी चालवणाऱ्याच्या बैठकीपाशी वाकले आणि पायाखालच्या फळीवरून हात फिरवला. टाच टेकून टेकून तिथे वाटीएवढा खळगा पडला होता. मग काठावर कंत्राटदाराचा चालक विडी ओढत बसला होता, त्याच्या शेजारी जाऊन बसले. सकाळी कवा सोडता, जेवायला घरी जाता का हितंच खाता, अशा गप्पा. तो सरळ माणूस. सकाळी सातला सोडायची, दिवेलागणीला बांधायची, जेवण लाँचवरच, दोन वर्षं असंच चाललंय, असं त्याने सांगून टाकलं. मग मिस्त्री मीटरकडे वळले, पण समोरून नाही. इंजिनातून मीटरला येणारी तार जिथे बसवली होती तिथला नट त्यांनी मागे हात घालून चाचपला. आजूबाजूचे सगळे नट गंजलेले, हा एकटा पान्याने घासून चकचकीत झालेला. शेवटी इंजिन सुरू करायला लावून तेलाचं झाकण उघडलं, तर आतून भकाभका धूर आला.

"सहा हजाराच्या वर हाय," मिस्त्री हात पुसत म्हणाले. "मीटरची तार काढून चालीवलीया हिला. आतून पार झिजलीया. हिरीवर इंजिन बंद पडलं तर मानूस चालत घरी जातो. पान्यात कुठं जाईल? घिऊ नका."

मग अण्णा म्हणाले, "म्हंजी मीटर खोटं आन् तुमचं बोट खरं?" तरीही दोघातिघांची चलबिचल झाली होती, आणि सौदा कदाचित मोडलाही असता. पण समितीतला एक म्हातारा म्हणाला, "हळद लागलेली पोर माघारी धाडायची व्हय रं?" आणि विषय संपला. ओटी भरलेली लाँच परत करणं गावाला शोभलं नसतं. मिस्त्रींनी फडकं झटकलं. जाताना माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "गुरुजी, मी काय म्हनलो ते तेवढं वहीत लिवून ठिवा." मी मान हलवली.

संध्याकाळी अण्णांच्या ओसरीवर ठरावाची वही उघडली. मी लेखणी हातात घेतली तेव्हा अण्णा पानाला चुना लावत होते. "मिस्त्रीनं बघितलं एवढं लिवा," ते म्हणाले. "बाकीचं कशाला?" मी थोडा थांबलो असेन. तेव्हा त्यांनी पान तोंडात टाकलं आणि म्हणाले, "संगमनेरचं बघू आपन. आई एकलीच हाय न्हवं तिकडं?" मी लिहिलं: 'लाँचच्या इंजिनाची अनुभवी मिस्त्रींकडून तपासणी करून घेण्यात आली व त्यानंतर खरेदीचा ठराव एकमताने मंजूर झाला.' शब्द न् शब्द खरा होता. कोर्टातसुद्धा कोणी खोटा ठरवला नसता. त्या संध्याकाळी मला लाज वाटली नाही, उलट वाक्य कसं छान जमलं असंच वाटलं. लाज पुढे वाटली, आणि ती वाटून कोणाच्या काही उपयोगाला आली नाही.

लाँच चालवायला दौलत नावाचा तरुण नेमला. विधवा आईचा एकुलता एक. पहिले काही महिने लाँच बरी चालली आणि गाव मिस्त्रींना दिसेल तिथे चिडवू लागलं. "काय मिस्त्री, अजून चालतीया की." मिस्त्री म्हणायचे, "चालू दे बाबा. चांगलंच हाय." दौलतला मात्र ते काठावर गाठून सांगायचे, वाऱ्याचा दिवस असला तर सोडू नको, सोडलीस तर काठाकाठाने ने. दौलत हसायचा. तो गावातला सगळ्यात तरबेज पोहणारा. पण पोहणं शिकला होता विहिरीत.

पुढच्या आषाढात भर वाऱ्यात इंजिन पाण्याच्या मधोमध बंद पडलं. लाँचमध्ये बाजाराला निघालेली पंधरा-वीस माणसं होती. वाऱ्याने लाँच वाहत वाहत बुडालेल्या मळ्यातल्या झाडांकडे गेली. तिथे आपटून फुटू नये म्हणून दौलत कडेला उभा राहून बांबूने रेटत होता. बांबू निसटला आणि तो पाण्यात पडला. खाली झाडांच्या फांद्या होत्या, त्यात अडकला. बाकीची माणसं लाँच झाडांत रुतली म्हणून वाचली. दौलत दुसऱ्या दिवशी सापडला.

चौकशीला एक साहेब आले. वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी मनातल्या मनात ठराव वाचला आणि मिस्त्रींना विचारलं, "तपासणी तुम्ही केली होती?" मिस्त्री म्हणाले, "व्हय, मीच केली." साहेबांनी ते टिपून घेतलं. "पन मी तवा..." मिस्त्री पुढे सांगू लागले, तर साहेब म्हणाले, विचारलं तेवढंच बोला. अण्णा छताकडे बघत होते. मी कुठे बघत होतो ते मला आठवत नाही. आठवत नाही असं म्हणणं मला सोयीचं पडतं.

त्या दिवसापासून मिस्त्रीनं पास केली आणि दौलत बुडाला, असं झालं. जे समितीत होते आणि ज्यांनी स्वतःच्या कानांनी 'घिऊ नका' ऐकलं होतं, तेच हे जास्त मोठ्याने बोलायचे. दौलतची आई रोज सकाळी मिस्त्रींच्या दारापुढे येऊन बसायची आणि तळतळाट द्यायची. मिस्त्री आतून पाण्याचा तांब्या आणून तिच्याजवळ ठेवायचे आणि म्हणायचे, "आक्का, मी नगं म्हनलो हुतो. वहीत हाय. गुरुजींनी लिवलंय." हेच ते पारावर सांगायचे, गिरणीत सांगायचे. वहीत हाय. लोक हसायचे. वही अण्णांच्या कपाटात होती आणि वाचायला कोणी जाणार नव्हतं. त्यांना इंजिन बघायला बोलावणंही हळूहळू थांबलं. मीठ-भाकरीवर माणूस राहील, पण ज्याच्या नावाला मान होता त्याने बिननावाचं कसं राहायचं, हे गावाने त्यांना शिकवायला घेतलं.

बहात्तर साली पाऊस आलाच नाही. धरणाचं पाणी इतकं मागे हटलं की बुडालेला रस्ता वर आला, माणसं पुन्हा त्याच रस्त्याने चालत राहुरीला जाऊ लागली. ज्या लाँचसाठी एवढं झालं ती भेगाळलेल्या चिखलात आडवी पडून होती. विहिरी आटल्या, इंजिनं थांबली. मिस्त्रींच्या एका भाच्याने नागापूरला कारखान्यात झाडझुडीचं काम बघून दिलं. इंजिनाच्या पोटात किती तास गेले ते सांगणारा माणूस, पण कागद नव्हता, म्हणून झाडू.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी ते शाळेत आले. समितीचं काम संपल्यामुळे अण्णांनी वही माझ्याकडे धाडून दिली होती आणि ते मिस्त्रींना कुठून तरी कळलं होतं. ओट्यावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"गुरुजी, माझं तेवढं वाचून दावा. मी कधी आइकलंच न्हाई."

मी वही उघडली. पान समोर होतं, अक्षर माझंच होतं. आणि मी वाचू लागलो, "मिस्त्री किसन यांनी इंजिन तपासून सांगितलं की ते सहा हजार तासांहून अधिक चाललेलं आहे, मीटरची तार काढलेली आहे, पाण्यात धोका आहे, तरी लाँच घेऊ नये. समितीने त्यांचं ऐकलं नाही." कागदावर नसलेलं एवढं सगळं मी न अडखळता वाचलं.

"आता पुन्यांदा," मिस्त्री म्हणाले.

मी पुन्हा वाचलं. त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलले. मग त्यांनी हात पुढे करून त्या पानाला लावला आणि तो हात कपाळाला लावला. डोळे भरून आले होते.

"बास झालं," ते म्हणाले. "तुमी हाय म्हनून ऱ्हायलं हे. आता एक करा गुरुजी. दौलतच्या आईला एकदा वाचून दावा. माझ्या तोंडचं तिला पटत न्हाई, तुमचं पटंल."

मी हो म्हणालो. दौलतच्या आईला अक्षर ओळखता येत नव्हतं, तिच्यापुढेही मला तसंच वाचता आलं असतं. पण ती ते गावभर सांगत सुटली असती आणि कोणीतरी वही मागितली असती. त्या महिन्याच्या अखेरीस अण्णांनी शब्द पाळला आणि माझी संगमनेरला बदली झाली. दौलतची आई पुढे आठ वर्षं जगली, आणि मिस्त्रींच्या बंद दारापुढे बसून शेवटपर्यंत त्यांच्याच नावाने तळतळत राहिली.