शेजाऱ्याच्या कमरेला पिस्तूल

आमच्या समोरच्या शेजाऱ्याला मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते किराणा दुकानात. तो केळी निवडत होता आणि त्याच्या कमरेला पिस्तूल होतं. चामड्याच्या कव्हरात, शर्टाच्या बाहेर, सगळ्यांना दिसेल असं. आजूबाजूचे लोक दही घेत होते, पाव घेत होते, कुणी वळूनही बघत नव्हतं. मीच तेवढी हातात कोथिंबीर धरून उभी.

नागपुरात बंदूक म्हणजे बँकेच्या दारातला वॉचमन. तो स्टुलावर आणि बंदूक त्याच्या मांडीवर, दोघंही अर्धवट झोपेत. इथे अमेरिकेत, बॉथेलला, असं उघड पिस्तूल लावून हिंडायला परवानाही लागत नाही, हे मी त्याच दुपारी गाडीत बसून फोनवर वाचून काढलं.

माझा स्वभाव चौकस. नवरा भोचक म्हणतो. सॉफ्टवेअर टेस्टिंग हा माझा व्यवसाय, म्हणजे ‘असं केलं तर काय होईल’ हे विचारण्याचाच मला पगार मिळतो. वर्षभर मी त्या पिस्तुलावर पाळत ठेवली. गवत कापताना ते असतं. पाऊस असला तर तो जॅकेट पिस्तुलामागे खोचतो, म्हणजे ते दिसत राहतं. वजनाने पॅन्ट घसरत नाही, कारण पट्टा चांगला तीन बोटं रुंद आहे. पत्रपेटीपर्यंत जेमतेम वीस पावलं, तिथेही ते सोबत. वीस पावलांत याला कोण गाठणार आहे, हा प्रश्न मला छळायचा.

पण विचारायचं होतं ते वेगळंच. त्याची मुलगी आणि माझी मुलगी शाळेत एकाच वर्गात, घट्ट मैत्रिणी. त्याची मुलगी रोज आमच्याकडे यायची, पोहे खायची, सोफ्यावर उड्या मारायची. माझ्या मुलीला मात्र मी त्यांच्याकडे एकदाही पाठवलं नव्हतं. कधी गाण्याचा क्लास, कधी पोटदुखी, कधी नसलेले पाहुणे.

“बट व्हाय, आई? शी कम्स हिअर एव्हरी डे,” ती रडवेली होऊन विचारायची, आणि मी भाजी ढवळत बसायचे.

घरात पिस्तूल कुठे ठेवता आणि ते मुलींच्या हाती लागू शकतं का, एवढंच विचारायचं होतं. इथल्या आया हे सरळ विचारतात म्हणे. माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. समोरचा दुखावेल या भीतीने आपण बहाणे करायला शिकलेली माणसं, त्यात मी पट्टीची.

ऑक्टोबरात सासूबाई आल्या. खंडेनवमी बुधवारी होती, पण आमचे सण रविवारीच येतात. शस्त्रांची पूजा करायची, तर आमच्याकडे शस्त्रं कसली? पाटावर विळी, ड्रिल मशीन, पान्यांचा सेट आणि दोन लॅपटॉप मांडतो. सासूबाईंनी आदल्या दिवशी खिडकीतून शेजाऱ्याला पाहिलं.

“अगं, त्यांच्याकडे खरं शस्त्र आहे की. बोलाव त्यांना.”

“आई, इथे असं नसतं.”

“का? आपण काय ते ठेवून घेणार आहोत? हळदकुंकू लावू आणि परत देऊ.”

मी नाही नाही म्हणेपर्यंत त्या चपला घालून गेल्यासुद्धा. काय बोलल्या, कसं बोलल्या, देव जाणे. पण रविवारी अकरा वाजता तो इस्त्रीचा शर्ट घालून, मुलीला घेऊन हजर झाला. कमर रिकामी. मी इतकी हिरमुसले की माझी मलाच लाज वाटली.

“विचार ना, कुठे आहे?” सासूबाईंनी मला ढोसलं. मी विचारलं.

“तिजोरीत,” तो म्हणाला. “मुलं असलेल्या दुसऱ्याच्या घरात मी विचारल्याशिवाय नेत नाही.”

मुलांचा विषय त्यानेच काढला होता, आता नाही तर कधीच नाही. माझे कान तापले. “आणि तुमच्या घरात? मुलींच्या हाताला लागणार नाही ना?”

तो रागावला नाही. उलट मोकळा झाल्यासारखा हसला. “बरं झालं विचारलंत. तिजोरी माझ्या खोलीत आहे. सहा आकडी नंबर आहे, माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही.”

त्याची मुलगी पाटाजवळ बसून श्रीखंडाची वाटी चाटून पुसून साफ करत होती. मान वर न करता ती म्हणाली, “माझा वाढदिवस आहे तो, डॅड. उलटा.”

“तुला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. मी ट्राय केलं. समर व्हेकेशनमध्ये. उघडलं, बघितलं आणि बंद केलं.”

त्याने हातातली वाटी खाली ठेवली, ती पाटाच्या कडेवर कलंडली. “हिला थोडा वेळ इथे ठेवाल?” एवढंच मला म्हणून तो निघाला. अंगणातून तो जवळजवळ पळतच गेला. सासूबाईंना मी झालेलं मराठीत सांगितलं. मुलीला जवळ ओढून त्या तिच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या.

मला रडू फुटलं. त्या उन्हाळ्यात मी किती बहाणे केले होते, किती शिताफीने माझ्या मुलीला त्या घरापासून लांब ठेवलं होतं. आणि रोज संध्याकाळी या मुलीचा हात धरून, रस्ता ओलांडून, मीच तिला त्या घराच्या दारात सोडून येत होते.