जास्तीचा अर्धा तास

मी पाठवलेला पहिला बदल त्यांनी एका ओळीत परत केला होता. ‘एका वेळी एकच गोष्ट.’ बस्स. ना नमस्कार, ना आभार.

माझ्या नाकावर राग असतो, हे वसईजवळच्या उमेळ्यात आमच्या सोसायटीत वॉचमनपासून सगळ्यांना माहीत आहे. पण त्या दिवशी तो गिळला, कारण गरज माझी होती. सासूबाईंच्या आजारपणात सॉफ्टवेअरमधली नोकरी सोडली, त्याला नऊ वर्षं झाली होती. इंटरव्ह्यूला गेलं की समोरचा माणूस त्या नऊ वर्षांवर बोट ठेवायचा आणि ‘कळवतो’ म्हणायचा. कुणी कळवलं नाही. मग कळलं की भरती-ओहोटीच्या वेळा दाखवणारा एक प्रोग्राम जगभरची माणसं मिळून फुकटात चालवतात. त्याचा कोड उघडा असतो, कुणीही दुरुस्ती सुचवावी. ती स्वीकारायची की नाही हे ठरवायचा अधिकार मात्र पाच-सहा जुन्या लोकांकडेच असतो. त्यांच्यात आपलं नाव आलं, तर नऊ वर्षांवर बोट ठेवणाऱ्याला दाखवायला काहीतरी हातात असेल, एवढाच माझा हिशोब.

माझा पहिला बदल परत करणारे, म्हणजे हा प्रोग्राम ज्यांनी सुरू केला ते, एक वयस्क गृहस्थ. कुठल्या देशातले, कधी विचारलं नाही. फोटोच्या जागी त्यांनी किटलीचं चित्र लावलं होतं. आम्ही नवे लोक त्यांना आपापसात ‘आजोबा’ म्हणायचो. आजोबा कुणाला हाकलायचे नाहीत, पण कुणाला डोक्यावरही घ्यायचे नाहीत. वर्षभर मी बारीकसारीक कामं केली. प्रोग्रामच्या संदेशांतली चुकीची वाक्यं नीट केली. कुणी बिघाड कळवला की तो आपल्या मशीनवर तसाच्या तसा घडवून बघायचा आणि पायरी-पायरीनं लिहून द्यायचं. कंटाळवाणं काम, धुणीभांड्यांसारखं. पण हळूहळू आजोबांच्या उत्तरांत ‘धन्यवाद’ यायला लागलं. एकदा तर ‘हे तिला विचारा’ असं त्यांनी दुसऱ्या कुणाला लिहिलं. ते वाक्य मी नवऱ्याला दोनदा वाचून दाखवलं.

आणि मग मी माती खाल्ली.

वसईची फाइल उघडली होती. मोठ्या बंदराच्या वेळा मूळ धरून आसपासच्या लहान बंदरांच्या वेळा काढायच्या, अशी त्या प्रोग्रामची रीत. आता आमच्याकडे पाणी मुंबईच्या नंतर चढतं, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. फाइलीत तसं काहीच नव्हतं. म्हटलं, बघा, यांना काय कळणार आमच्या वसईचं पाचूबंदर! ऐटीत अर्धा तास वाढवून दिला. आजोबांनी पहिल्यांदाच काही न विचारता तो बदल घेतला. ‘तू तिथली आहेस,’ एवढंच लिहिलं. येत्या रविवारी मला जुन्यांत घ्यायचं का, हे ठरणार असल्याचंही कळवलं. मी हवेत.

आमच्या गेटवर मासळी घेऊन येणाऱ्या मावशी पाचूबंदरच्या. होड्या पाण्याबरोबर आत येतात आणि लागलीच लिलाव होतो, तेव्हा मावशींना धक्क्यावर वेळेत असावं लागतं. पूर्वी त्या तासभर आधीच जाऊन उन्हात बसायच्या. हा प्रोग्राम त्यांच्या मोबाइलवर मीच टाकून दिला होता. ‘मी बनवते हो हे,’ असंही सांगितलं होतं. साफ खोटं नव्हतं.

गुरुवारी त्या रिकामी पाटी घेऊन गेटवर आल्या. फक्त मला सांगायला.

‘कालपन गेला, आजपन गेला. मी पोचते तर पानी येऊन लिलाव आटपलेला. काय बाय, तुझ्या भरवशावर बसले मी!’

मी तशीच वर धावले. तासाभरात सापडलं. तो अर्धा तास आधीपासूनच दुसऱ्या एका फाइलीत होता, सगळ्या लहान बंदरांचा एकत्र. मी तो दुसऱ्यांदा मिळवला होता. बाकी एकाही बंदराच्या फाइलीत तो का नाही, हा साधा प्रश्न मला पडला नव्हता, कारण मी तिथली ना!

खरं सांगते, गप्प बसायचा मोह झाला. इतर दुरुस्त्यांच्या गठ्ठ्यात ही एक ओळ गुपचूप सरकवली असती, तर रविवारपर्यंत कुणाला पत्ता लागला नसता. पण डोळ्यांसमोरून ती रिकामी पाटी हलेना. सगळ्यांना दिसेल असं लिहिलं : चूक माझी आहे, वेळा दोन दिवस चुकल्या, दुरुस्ती सोबत जोडली आहे.

आजोबांचं उत्तर लगेच आलं. ‘काल सकाळीच लक्षात आलं होतं. तू स्वतः सांगतेस का, याची वाट बघत होतो.’

माझं डोकं फिरलं. अधिकार गेला खड्ड्यात! लिहिलं, ‘माझी परीक्षा घ्यायची तर माझ्या जिवावर घ्या. काल दुरुस्त केलं असतंत, तर इथली एक बाई आज रिकाम्या हातानं परतली नसती. वेळा बघणारी माणसं खरी असतात, हे तुम्ही विसरलात कसे?’ आणि लॅपटॉप आपटून बंद केला. आता संपलं सगळं, असं वाटून बराच वेळ रडलेही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लिहिलं होतं, ‘विसरलो खरा. ही माझी चूक तुझ्या चुकीपेक्षा मोठी आहे.’ रविवारी मला अधिकार मिळाला. आनंद झाला, नाही कशाला म्हणू? पण गेटवर मावशी मोबाइलचं नावही काढत नव्हत्या. पहिल्यासारख्या तासभर आधी जाऊन धक्क्यावर बसायला लागल्या होत्या.

मग मीही जायला लागले, वही घेऊन. पाणी धक्क्याच्या वरच्या पायरीला किती वाजता लागलं, ते रोज लिहायचं. मावशी दगडावर बसून बघायच्या, हसायच्या, एकदा अर्धी भाकरीही दिली. मोबाइल मात्र पिशवीतच. त्या नोंदींवरून मी वसईसाठी तपासणी लिहिली. आता कुणी जास्तीचा अर्धा तास घुसवला, तर प्रोग्राम स्वतःच अडवेल. आजोबांनी ती तीनदा परत पाठवली आणि चौथ्यांदा घेतली.

अकराव्या दिवशी धक्क्यावर गेले, तर मावशींचा दगड रिकामा. धंदाच सोडला की काय? की दुसऱ्या बंदराला गेल्या? होड्या लांबून दिसायला लागल्या, तरी पत्ता नाही. इतक्यात रिक्षा थांबली आणि मावशी पाटी सावरत आरामात उतरल्या.

‘अशी काय बघतेस, बाय?’ त्या म्हणाल्या. ‘मोबाइलवर अजून धा मिन्टं हायेत.’