ताईंची रिकामी ओळ

रिकाम्या जागेवर इतका राग धरणारी व्यक्ती पवईपासून मुलुंडपर्यंत दुसरी सापडायची नाही! ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या ताई कुठलाही कागद हाती आला की आधी त्यात काय लिहिलेलं नाही ते वाचतात. लग्नपत्रिकेत जेवणाची वेळ दिसली नाही, तर थेट वधूपित्याला फोन: “वेळ छापायची राहिली, की जेवणच नाही?” कॅन्टीनमधली चटणीची बरणी रिकामी निघाली, तर कॅन्टीनवाल्याची खैर नाही. “बरणी नसली तर कळतं तरी. रिकामी असली की माणूस आशेने झाकण उघडतो. नसणं वेगळं रे, रिकामं असणं वेगळं!” हे शेवटचं वाक्य जावास्क्रिप्ट ही प्रोग्रॅम लिहायची भाषा शिकवताना त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलंय, की मी ते झोपेतही म्हणेन. सेटिंग्जच्या फाईलमध्ये एखादी ओळ गायब किंवा कोरी असली, की प्रोग्रॅमने ओरडलंच पाहिजे, हा त्यांचा दंडक.

डायलिसिसच्या पेशंटना घरून आणणाऱ्या गाड्यांचं काम आमच्याकडे आलं. कोणाला कुठून, कितव्या मजल्यावरून आणायचं ते सगळं फाईलमध्ये. मजला कोरा असला तर नाव बाजूला काढायचं, ही तपासणी मी लिहिली. पहिल्या सकाळी गाड्या सुटायला वीस मिनिटं असताना ताईंनी यादी पाहिली आणि खुर्चीवरून उडाल्याच! “मेल्या, तळमजल्यावरची माणसां खंय गेली?” ताई चिडल्या की थेट मालवणात पोचतात. तळमजला म्हणजे शून्य. आणि मी आळसाने ‘मजला आहे का?’ एवढाच जो आखूड प्रश्न लिहिला होता, त्यात जावास्क्रिप्ट शून्यालाही रिकामंच समजतं. वाट लागली! “शून्य म्हणजे काहीच नाही होय रे? माझी आई राहते तिथे!” मुलुंडच्या यादीतली एक आजी ताईंची आई आहे, हे मला तेव्हा कळलं. मी घाईघाईने ती ओळ बदलली, ताईंनी ती तीनदा तपासली, आणि झकास! सगळी नावं परत! आम्ही दोघं अक्षरशः नाचलो. तासाभराने आजींचा फोन: “गाडी इली गो!”

आजी गेल्या वर्षी वारल्या. परवा प्रोग्रॅम एका ओळीवर ओरडला. पत्ता मुलुंडचा, मजला शून्य, नाव कोरं. मी उत्साहाने म्हणालो, “ताई, एक रिकामी सापडली! उडवू?”

ताईंनी स्क्रीनवरचा पत्ता वाचला. “नको रे. असू दे.”

पुढचं ‘नसणं वेगळं रे’ त्या बोलल्या नाहीत; मला ते पाठच होतं. ओळ आजींची होती, नाव तेवढं कुणीतरी पुसलेलं. त्या एका ओळीबद्दल ओरडू नकोस, एवढंच मी प्रोग्रॅमला शिकवलं. ताईंनी ते तपासून पाहिलं नाही.